उरलेले दोन तुकडे

तयार कपड्यांच्या त्या मोठ्या दुकानात, जिन्याखालच्या खोपटात, एक शिलाई मशीन, एक इस्त्री आणि एक बाई होती. वरच्या मजल्यावर पँट पसंत पडली आणि लांब निघाली की गिऱ्हाइकाला खाली बाईकडे धाडत. बाई तोंडात टाचण्या धरून गुडघ्यावर बसे आणि टाचण्यांच्या फटीतून म्हणे, "सरळ उभे राहा, खाली बघू नका. खाली बघितलं की पँट आखूड होते." दुकानातली पोरं तिला आल्टरवाली मावशी म्हणत. घरी नवरा नुसतं "अगं" म्हणे, आणि तेवढं तिला पुरे. नवरा एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. बोलायला चेष्टेखोर, मनाचा भित्रा.

त्यांना एकच मुलगा. त्याला सगळे बारक्या म्हणत, आणि ते नाव लाडाने पडलेलं नव्हतं. चौथ्या वर्षी त्याला रक्ताचा कॅन्सर झाला. औषधांनी तो आजार हटला, पोरगं शाळेत जायला लागलं, डब्यातलं अर्धं परत आणायला लागलं. आणि मग सहाव्या वर्षी आजार परत आला. या खेपेला मोठ्या डॉक्टरांनी दोघांना खुर्चीत बसवून सांगितलं, की आता हाडातली मज्जाच बदलावी लागेल. एका अनोळखी माणसाची मज्जा मिळाली होती. पण त्याआधी पोराच्या अंगातली जुनी मज्जा मुळासकट मारायची, म्हणजे औषध तसंच जालीम द्यायचं. वाचेल का, असं बापाने विचारलं तेव्हा डॉक्टर खिडकीकडे बघत बोलले.

त्याच आठवड्यात वॉर्डाबाहेरच्या बाकावर एक तरुण मुलगी आई-बापाच्या शेजारी येऊन बसली. डॉक्टर नव्हती. इस्पितळामागच्या इमारतीत संशोधन करणारी होती. घाबरत घाबरतच बोलली. म्हणाली, या औषधाने मुलगा वाचला तरी पुढे त्याला मूल होणार नाही. मोठ्या पुरुषाचं बीज आधी काढून गोठवून ठेवता येतं, पण सहा वर्षांच्या मुलाच्या अंगात बीज तयारच झालेलं नसतं. असतात त्या मूळ पेशी. वयात आल्यावर त्याच पुढे बीज बनवतात. अंडकोशातला तांदळाच्या चार दाण्यांएवढा भाग काढायचा, त्याचे तुकडे गोठवून ठेवायचे, आणि कधीतरी ते त्याच्या अंगात परत लावायचे.

"कधीतरी म्हणजे? आज लावता येतात?" बापाने विचारलं.

"आज नाही. उंदरांत जमलंय."

"माझं पोरगं उंदीर नाही हो," बाप म्हणाला आणि उठून पाणी प्यायला गेला. तिकडे तो बराच वेळ पाणी पीत राहिला.

आईने होकार दिला. तिला त्यातलं फारसं कळलं होतं असं नाही. पण त्या दिवसांत कोणीच पोराबद्दल पुढच्या आठवड्यापलीकडे बोलायला धजत नव्हता. डॉक्टर रिपोर्टचं बोलत, नर्स तापाचं बोलत, बहिणी फोनवर नुसत्या रडत. बारक्या तिशीचा होईल, त्याला बायको असेल, त्यांना मूल हवं असेल, हे सगळं धरून चालून बोललेली ती मुलगी एकटीच होती. आईला वाटलं, हिला नाही म्हटलं तर त्या सगळ्यालाच नाही म्हटल्यासारखं होईल.

बारक्या वाचला. कसा वाचला ते सांगायला आईला पुढे कधी शब्द सापडले नाहीत, आणि तिने शोधलेही नाहीत. चार तुकडे मागच्या इमारतीत द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत पडून राहिले. बापाने त्या मुलीचं नाव बर्फवाली ठेवलं. दर वर्षी मुलाच्या वाढदिवसाला आई तिला फोन करी, आणि नवरा पेपरातून डोकं वर काढून विचारी, "काय गं, फ्रीज चालू आहे ना?"

फ्रीज चालू होता. मुलगा उंच झाला, पण अंगाने बारक्याच राहिला. आईने त्याच्या सगळ्या पँटी कमरेत घेतल्या आणि पायात सोडल्या. अठरा वर्षांचा झाला तेव्हा तिने त्याला सांगितलं. आधी हे सांगितलं की तुझं सगळं मी जपून ठेवलंय, आणि मग हे की तुला एरवी मूल होणार नाही. आपण क्रम उलटा लावला, हे तिला फार पुढे कळलं. मुलगा हसला. "म्हणजे मी अर्धा इथे आणि अर्धा फ्रीजमध्ये?" बाप खो खो हसला. आईही हसली, पण त्या दिवसापासून तो विषय घरात पक्का मुक्कामाला आला. एकदा बर्फवालीचा आपणहून फोन आला, की दुसऱ्या देशात एका माकडाचा असाच गोठवलेला तुकडा त्याला परत लावला, आणि त्यातल्या बीजापासून पिल्लू झालं. आईने दुकानात सगळ्यांना चहा पाजला. कशाबद्दल ते सांगितलं नाही. माकडाचं बारसं सांगणार तरी कसं?

बारक्या नकाशे काढायच्या एका कचेरीत लागला. लग्न ठरायच्या आधीच त्याने मुलीला सगळं सांगितलं होतं. ती लहान मुलांना पोहायला शिकवायची, आवाज खणखणीत, आणि कुठलीही गोष्ट तोंडावर बोलायची सवय. तिने म्हणे विचार केला आणि सांगितलं, मला तू चालतोस, बाकी बघू. सासूला सून मनापासून आवडली. पण सूनबाई घरी आली की सासूची नजर आधी तिच्या पोटाकडे जायची, हेही तितकंच खरं.

मग एके दिवशी बारक्याची तपासणी झाली. बीज शून्य निघालं. धक्का कोणालाच बसला नाही. आई, मुलगा आणि सून मिळून मागच्या इमारतीत गेले. बर्फवालीचे केस आता पिकले होते, तिच्या हाताखाली आठ-दहा जण काम करत होते. तिने बारक्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, माणसांवर हा प्रयोग आता सुरू झालाय, अगदी मोजक्या जणांवर. पण तुमचा आजार रक्ताचा होता. अशा आजाराच्या पेशी अंडकोशात दडी मारून बसतात, औषध तिथे नीट पोचत नाही. तेव्हा लावायच्या आधी एक तुकडा तपासावा लागेल. तपासलेला तुकडा वाया जाईल.

पहिला तुकडा स्वच्छ निघाला. मूळ पेशीही जिवंत होत्या. बर्फवालीने फोनवर ते सांगितलं तेव्हा आई एका गिऱ्हाइकाच्या पायाशी बसली होती. त्या माणसाची पँट तिने एका पायात बोटभर आखूड केली. नोकरीत पहिल्यांदाच तिच्या हातून असं झालं, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

बर्फवाली मात्र म्हणाली, एकावर भागणार नाही, आणखी एक बघू. दुसऱ्या तुकड्यात आजाराच्या पेशी सापडल्या.

ती बैठक आईला शब्दन् शब्द लक्षात राहिली. लांबट टेबल होतं, कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन होतं, त्याचा नळ गळत होता. बर्फवालीने रिपोर्ट समोर ठेवला नाही, तोंडानेच सांगितलं.

"थोड्याच आहेत. पण जिवंत माणसाच्या अंगात गेल्या तर थोड्याही पुरतात."

"मग उरलेले दोन?" बारक्याने विचारलं.

"ते स्वच्छ असतील किंवा नसतील."

"तपासा ना मग."

"तपासले तर ते संपतील. लावायचे तर न तपासता लावावे लागतील. आणि न तपासता मी लावणार नाही, आमची समिती लावू देणार नाही." तिचा आवाज अगदी उतरला होता. "काचेच्या बशीत या पेशींपासून बीज बनवायचा आम्ही प्रयत्न करतोय. म्हणजे अंगात काही घालायलाच नको. उंदराचं बनतं. माणसाचं अजून बनत नाही."

"किती वर्षं?"

"मला माहीत नाही. माहीत आहे असं सांगितलं तर ती थाप होईल."

आईच्या पायाखालची जमीन सरकली ती ऐकताना नाही, तर नंतर, बसस्टॉपवर. इतकी वर्षं ती डोळ्यात तेल घालून जे राखत होती त्यात नातवंड होतं असं ती समजत होती. आणि त्याच टाकीत, त्याच थंडीत, तिने तो आजारही जसाच्या तसा राखला होता. ज्याला पोराच्या अंगातून हाकलताना पोरगं अर्धमेलं झालं होतं, तोच. दर वाढदिवसाला फोन करून ती त्याचीही खुशाली विचारत होती.

तिला वाटलं, आता प्रकरण संपलं. बारक्याच्या दृष्टीने ते आत्ता कुठे सुरू झालं होतं. त्याने शोधून काढलं, की सीमेपलीकडच्या देशात एक खासगी दवाखाना आहे आणि तिथे न तपासता तुकडे लावतात. रुग्णाने स्वतः जबाबदारी घेतली की झालं. तुकडे त्याचे होते, तो सज्ञान होता, टाकीतून काढून न्यायला त्याला कोणी अडवू शकत नव्हतं. सूनबाई म्हणत होती बाहेरचं बीज घेऊ, नाहीतर मूल दत्तक घेऊ. तो म्हणत होता, घेऊ, पण आधी हे.

आई एकटीच बर्फवालीकडे गेली. टाकी बिघडली म्हणून सांगा, हरवले म्हणून सांगा, चुकून फेकले म्हणून सांगा, असं तिने परोपरीने विनवलं. शेवटी तिने त्या बाईचे पाय धरायला हात पुढे केले, तेव्हा बर्फवालीने ते वरच्या वर पकडले. तिचेही डोळे भरले होते. म्हणाली, तुम्ही त्याच्या वतीने होकार दिला होता, कारण तो लहान होता. आता तो लहान नाही. मी त्याला जितकं समजवायचं तितकं समजावलंय.

तिथून आई तडक तरणतलावावर गेली. सूनबाई काठावर उभी राहून पाण्यातल्या पोरांना पाय मारायला सांगत होती. शिट्टी गळ्यात, पायात रबरी चपला. वर्ग संपेपर्यंत सासू ओल्या बाकावर बसून राहिली. मग म्हणाली, तू सांग त्याला, तुझं ऐकेल.

"आई, मी सांगून थकले," सून म्हणाली. "मूल मलाही हवंय. पण त्याचंच हवं असं मी कधीच म्हटलं नव्हतं. हे तुम्हा दोघांचं चाललंय. त्याला वाटतं, त्याला मूल झालं नाही तर तुम्ही इतकी वर्षं जे केलंत ते फुकट गेलं. तो ते तुमच्यासाठी करतोय आणि नाव माझं घेतोय."

सासूने मान खाली घातली. ते खरं होतं.

त्या रविवारी तिने मुलाला घरी बोलावलं. नवऱ्याला आधीच बाहेर जायला सांगितलं होतं, पण तो गेला नाही, आतल्या खोलीत खाटेवर बसून राहिला. तिने कधी नाही ते सांगायला घेतलं. बारक्याला त्या आजारपणातला फक्त वॉर्डातला माशांची चित्रं असलेला पेला आठवत होता. तिने बाकीचं सांगितलं. तोंडाच्या आतली कातडी सोलून गेली होती म्हणून तो बोलायचा बंद झाला आणि बोटाने दाखवायचा. काचेच्या खोलीत तिला हातमोजे घालून त्याला शिवावं लागे, आणि त्याला ते हात तिचे वाटत नसत, तो दूर सरके. एका दुपारी त्याच्या बापाने जिन्यात बसून म्हटलं होतं, की आता सुटू दे त्याला. आणि तिने तिथेच नवऱ्याच्या थोबाडीत मारली होती. आतल्या खोलीत खाट करकरली.

"मला नातवंड नको," ती म्हणाली. "मला तू पाहिजेस."

बारक्या टेबलावरच्या मेणकापडाचा कोपरा दुमडत राहिला.

"इतकी वर्षं वेगळंच सांगत होतीस," तो म्हणाला. रागाने नाही. म्हणूनच ते तिला जास्त लागलं. "मला भीती नाही वाटत असं समजू नकोस, आई. पण ते तिथे असताना मी सुखाने जगू शकत नाही. एकदा लावू दे. मग जे होईल ते होईल."

तो गेला. आणि ती त्याच्याबरोबर गेली, कारण जाऊ नको म्हणणं आणि एकटा जा म्हणणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. सूनबाई एका बाजूला, आपण दुसऱ्या बाजूला, मध्ये तो, असा तिघांचा प्रवास झाला. त्या दवाखान्यात मऊ सोफे होते आणि सगळे फार गोड बोलत. तिला ते गोड बोलणं सोसेना. तिला आपली बर्फवाली आठवली, जिला साधं आश्वासन द्यायचंही जमत नव्हतं.

तुकडे लावले. ते सहा वर्षांच्या पोराचे होते. त्यांना आता मोठ्या अंगात राहून वयात यायचं होतं. वर्षभर थांबा, मग काढून बघू, असं सांगून त्यांनी घरी धाडलं.

त्या वर्षात आईच्या जिवाचं पाणी पाणी झालं. दर थोड्या महिन्यांनी रक्त तपासायचं आणि रिपोर्टची वाट बघायची. रिपोर्ट चांगला आला की दोन दिवस बरे जात. मग पुन्हा तेच. मुलगा जांभई देई, तिला थकवा दिसे. तो शिंकला की ती नवऱ्याकडे बघे. नवऱ्याने चेष्टा करणं बंद केलं होतं. थोबाडीतली गोष्ट मुलासमोर निघाल्यापासून तो तिच्याशी कामापुरतं बोले, आणि मुलाशी तर मान वर करूनही बोलत नसे.

पावसाळा संपता संपता बारक्या दुकानात आला. कचेरीतल्या कोणाच्या लग्नाला जायचं होतं, नवी पँट घेतली होती. ती तोंडात टाचण्या धरून बसली, पँटचा पाय वर दुमडला, आणि तिला त्याच्या पोटरीवर निळाकाळा डाग दिसला. तळहाताएवढा. पहिल्या वेळी आजार असाच दिसला होता. पोटरीवर, याच पायाच्या.

तिने टाचण्या हातात काढून घेतल्या. "हे काय?"

"खाट लागली."

"कधी?"

"आई, खाट लागली म्हटलं ना."

तिने पँट तशीच अर्धवट टाचलेली ठेवली, दुकानात कोणाला न सांगता त्याचा दंड धरला आणि त्याला रस्त्याने चालवत रक्त तपासायला नेलं. एका पायात दुमडलेली नवी पँट, लेबल मागे लोंबतंय, अशा अवस्थेत तो तिच्याबरोबर गेला. हात सोडवून घेतला नाही. तिथल्या बाकावर बसल्यावर त्यानेच तिचा हात धरला. सूनबाई धावत आली तेव्हा तिघं एका ओळीत बसले, आणि कोणीतरी चहा आणून दिला तो तसाच निवत राहिला. संध्याकाळी रिपोर्ट आला. रक्त चांगलं होतं. खाटच लागली होती.

त्या संध्याकाळी बारक्या तिथल्याच पायऱ्यांवर बसून रडला. सहा वर्षांचा असताना तो रडत नसे, त्याला ताकदच नव्हती. आईने त्याला असं रडताना कधी पाहिलेलंच नव्हतं. काय करावं ते न सुचून ती त्याच्या पँटमधल्या टाचण्या एकेक काढत बसली, टोचतील म्हणून.

वर्ष झालं. तुकडे काढले. या खेपेला बापही आला. तो गोड बोलणारा डॉक्टर या वेळी थोडक्यात बोलला. तुकडे रुजले नव्हते. सुकून गेले होते. त्यांत बीज नव्हतं, मूळ पेशीही उरल्या नव्हत्या. आणि आजारही नव्हता. रक्त पूर्ण चांगलं होतं.

"म्हणजे दोन्हींपैकी काहीच नाही?" बापाने विचारलं.

"काहीच नाही."

बाप उठला, मुलाच्या खाटेजवळ गेला आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला. कितीतरी महिन्यांनी त्याने मुलाला हात लावला होता. बारक्याने डोळे मिटून घेतले आणि हात तसाच राहू दिला.

बर्फवालीला बारक्याने स्वतः कळवलं. तिने सुकलेल्या तुकड्यांचे नमुने मागितले, का सुकले ते पाहायला. त्याने दिले. पुढे काय करायचं ते तो आणि सूनबाई ठरवत आहेत. बाहेरचं बीज, दत्तक, की दोघंच राहणार, ते त्यांनी घरी सांगितलेलं नाही. आई विचारत नाही. न विचारणं तिला फार जड जातं, तोंडाशी आलेला प्रश्न ती चहाच्या घोटाबरोबर गिळते.

ती सोमवारी कामावर परत आली. दुकानातल्या पोरांनी विचारलं, मुलगा कसा आहे. ती म्हणाली, ठणठणीत आहे. ते खरं होतं, आणि तिने वर्षभर तेवढंच मागितलं होतं, आणखी काही मागणार नाही असं शंभरदा कबूल केलं होतं. दुपारी लहान मुलांच्या कपड्यांचा नवा माल आला. मशीनजवळ जागा नव्हती म्हणून कोणीतरी खोकी तिच्या पायाशी आणून ठेवली. ती उठली, समोरच्या ट्रायल रूममध्ये गेली, पडदा ओढला, आणि ओढणी तोंडात कोंबून रडली. नातवंड नको असं तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. ते खोटं होतं. तिला ते हवं होतं. सहा वर्षांच्या पोराची आई असल्यापासून हवं होतं, आणि आता तिला ते कोणाजवळ बोलताही येणार नव्हतं, मुलाजवळ तर मुळीच नाही.

बाहेरून कोणीतरी पडद्यावर टिचकी मारल्यासारखं केलं. एका बाईचा आवाज आला, "आत आहे का कोणी?"

"आहे," ती म्हणाली. "दोन मिनिटं थांबा."

दोन मिनिटांत काही ती बाहेर आली नाही. ती बाई मात्र थांबून राहिली.